बिननावी पेज आणि सम्यक वाचा





या वेळच्या धम्मदेसनेचा विषय वंदनेच्या पुस्तिकेत सापडणारा नाही, पण तो आपल्या जवळपास प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. आपल्याच शहरातल्या, आपल्याच माणसांवर विनोद करणारी सोशल मीडियावरची बिननावी पेजेस, हा तो विषय. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर एक गमतीचे नाव, उंटाचे नाहीतर करक चहाच्या पेल्याचे चित्र, आणि दिवसाला दोन-तीन मीम. पेज कोण चालवतो हे कुणाला माहीत नसते. लोक आपापले किस्से, फोटो, स्क्रीनशॉट मेसेजमधून पाठवतात. चालवणारा त्यातले निवडतो, वर एक ओळ लिहितो आणि टाकून देतो. दोन तासांत ते आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि संध्याकाळपर्यंत गावाकडच्या ग्रुपवरही पोहोचते.

आखातात राहणाऱ्या आपल्या लोकांना ही पेजेस का आवडतात, हे समजायला अवघड नाही. शारजाहून दुबईला निघालेली आणि तासभर एकाच पुलावर उभी असलेली गाडी. करामातल्या एका खोलीतले सहा पलंग आणि सकाळी साडेपाचला बाथरूमसमोर लागलेली रांग. सुट्टीवर जाताना वजनकाट्यावर ठेवलेली बॅग, आणि वजन जास्त भरले म्हणून तिच्यातून काढून अंगावर चढवलेली दोन-दोन जॅकेटे. फोनवर ख्यालीखुशाली न विचारता 'येताना काय आणतोस' एवढेच विचारणारा मामेभाऊ. हे सगळे आपण जगतो. त्यावर कुणी नेमके बोट ठेवले की हसू येते, आणि आपण एकटे नाही असे वाटते. घरापासून दूर राहणाऱ्याला तेवढा आधारही मोठा असतो. म्हणून आरंभीच सांगतो की, हसू नका असा उपदेश करण्यासाठी ही देसना नाही.

पण त्याच पेजवर एखाद्या दिवशी वेगळा विनोद येतो. असाच एक प्रसंग इथे सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, कारण ते सांगणे म्हणजे जखम पुन्हा उघडणे. जयंतीच्या भोजनाच्या रांगेत एक कामगार बंधू दुसऱ्यांदा उभा होता. कुणीतरी मागून फोटो काढला. चेहरा दिसत नव्हता, पण अंगातला कंपनीचा शर्ट आणि हातातले ताट दिसत होते. वर जी ओळ लिहिली होती ती इथे लिहिण्याचे कारण नाही. पुष्कळ लोक हसले. तो बंधू लेबर कॅम्पमधून दोन बस बदलून वर्षातून दोन-तीनदा आपल्यात येत होता. त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला तो आला नाही. पुढच्या जयंतीलाही आला नाही. विचारले तेव्हा 'ड्युटी होती' एवढेच म्हणाला. एका माणसाचे धम्मबांधवांत येणे थांबले, आणि ते थांबवणाऱ्याचे नावही कुणाला माहीत नाही.

विनोद, नाव झाकणे आणि सम्यक वाचा या तिन्हींचा विचार आपल्याला या बंधूला समोर ठेवून करायचा आहे.

विनोद धम्माबाहेरचा नाही

तथागतांच्या उपदेशात विनोद नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी तेविज्ज सुत्त वाचावे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माकडे जाण्याचा खरा मार्ग कोणाचा, यावर वाद घालत तथागतांकडे आले. तुमच्या गुरूंनी किंवा गुरूंच्या गुरूंनी तरी ब्रह्मा पाहिला आहे का, असे तथागतांनी विचारले. कुणीच पाहिलेला नव्हता. तेव्हा तथागतांनी एका प्रियकराचा दाखला दिला. हा गृहस्थ म्हणतो, या देशातल्या सर्वांत सुंदर स्त्रीवर माझे प्रेम आहे. पण तिचे नाव, गाव, रंग, उंची यातले त्याला काहीच ठाऊक नसते. दुसरा दाखला चौकात जिना बांधणाऱ्याचा. वाडा कुठे आहे हे त्याला माहीत नाही, पण जिना मात्र चालू आहे! ऐकणाऱ्याला हसू यावे असाच हा युक्तिवाद आहे. बाबासाहेबांनीही या संवादाला आपल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात स्थान दिले.

थेरीगाथेतील पुण्णिकेची कथा तर आपल्या घराघरांत सांगितली गेली पाहिजे. पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. ऐन थंडीत तिलाही मालकिणीच्या धाकाने नदीवर जावे लागे. तिथे एक ब्राह्मण कुडकुडत पाण्यात उतरलेला तिने पाहिला. पाण्याने पाप धुतले जाते, असे तो म्हणाला. तेव्हा ही दासी त्याला सरळ म्हणाली की, मग बेडूक, कासव, पाणसाप आणि मगरी सगळेच स्वर्गात जात असतील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर सोबत तुमचे पुण्यही वाहून नेईल. ब्राह्मण निरुत्तर झाला. त्याने तिला वस्त्र देऊ केले, ते तिने घेतले नाही. शेवटी तो बुद्धाला शरण गेला.

या विनोदात तीन गोष्टी दिसतात. पुण्णिका त्या माणसाच्या थरथरणाऱ्या देहावर हसली नाही, त्याच्या खोट्या समजुतीवर हसली. ती त्याच्या समोर उभी राहून बोलली. आणि त्याचे भले व्हावे, या मनाने बोलली.

आपल्या चळवळीनेही हाच वारसा जपला. १९३० च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. त्यांत भटशाहीवर, सावकारीवर, अंगात येण्यावर सपासप विनोद असे. आणि आपल्याच माणसांच्या दारूवर, उधळपट्टीवरही असे. पण जलशातला सोंगाड्या दिव्याच्या उजेडात उभा असे. त्याचे नाव, त्याचे गाव समोर बसलेल्यांना माहीत असे. कुणाला तो विनोद लागला, तर सकाळी त्याच्याकडे जाऊन जाब विचारता येत असे. या जाणिवेने त्याच्या जिभेला धार होती आणि आवरही होता.

आपल्याला हसण्याचा अनुभव आहे

हसण्याने माणसाला कसे छोटे करता येते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असेल? १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर निघालेली व्यंगचित्रे उन्नमती श्याम सुंदर यांनी गोळा केली. ते पुस्तक 'नवयान'ने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, असेच त्या पुस्तकाचे नाव सांगते. देशातल्या सर्वांत विद्वान माणसांपैकी एकाला त्यांत वारंवार खुजे करून दाखवले आहे. आजही कॉलेजात, ऑफिसात राखीव जागांवरचे विनोद चालतात आणि आपल्या मुलाने तोंड वर करून पाहिले की त्याला सांगतात, 'अरे गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतोस!'

'एवढं काय मनाला लावून घेतोस' हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकले. रांगेतल्या त्या बंधूला तेच वाक्य आपल्यापैकी कुणीतरी ऐकवले असेल, तर थोडे थांबून विचार करा. ताटावरून, भुकेवरून, कपड्यावरून, बोलीवरून हसणे आपल्या आज्या-पणज्यांनी सोसले. तेच हसू आपल्याच माणसाकडे वळवायचे, आणि तेही बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी? तो बंधू दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिला, कारण त्याला घरच्या चवीची भाजी कित्येक महिन्यांनी मिळाली होती. ज्यांच्या घरी रोज ती भाजी शिजते, त्यांना हे सुचले नाही एवढेच.

नाव झाकण्याचे दोन अर्थ

नाव झाकून लिहिणे हे मुळातच वाईट, असे म्हणणे बरोबर होणार नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. बाबासाहेब त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीत असताना उघडपणे संपादक होणे शक्य नव्हते. पहिला अग्रलेख मात्र त्यांचाच होता. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले, तेव्हा संपादक म्हणून ते स्वतः उभे राहिले. पहिल्या वेळी नाव पडद्यामागे होते, दुसऱ्या वेळी समोर होते. लेखणी दोन्ही वेळा बलवानालाच जाब विचारत होती. आणि पडदा होता तेव्हाही अंकावर एका जबाबदार माणसाचे नाव छापलेले होते.

आजही नाव झाकण्याची खरी गरज असते. पगार थकलेला कामगार, घरात छळ सोसणारी भगिनी, ऑफिसात जात कळू नये म्हणून आडनाव सांगायला कचरणारा तरुण. या सगळ्यांना बिननावी बोलावे लागते. दुर्बळाच्या हातात बिननावीपण ही ढाल असते. पण तेच बिननावीपण घेऊन आपल्यापेक्षा दुर्बळ माणसावर, जो उलट बोलू शकत नाही अशा माणसावर नेम धरला, की ढालीचा आडोसा होतो. आडोशामागून दगड मारणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते मी सांगायला नको.

पेज चालवणाऱ्याने म्हणून स्वतःला एवढेच विचारावे, 'मी नाव कोणापासून झाकले आहे? मला इजा करू शकेल अशा बलवानापासून, की मी ज्याला इजा केली त्याच्यापासून?'

हिरी आणि ओत्तप्प

तथागतांनी जगाचे रक्षण करणारे दोन गुण सांगितले आहेत, हिरी आणि ओत्तप्प. वाईट करताना स्वतःची स्वतःला वाटणारी लाज म्हणजे हिरी. लोक काय म्हणतील, याचे परिणाम काय होतील, हे भय म्हणजे ओत्तप्प. सामान्य माणूस या दोन्हींच्या आधाराने सरळ चालतो. ज्या दिवशी हिरी झोपते, त्या दिवशी ओत्तप्प त्याला सांभाळून घेते.

बिननावी पेज उघडले की काय होते? ओत्तप्प एका क्षणात गळून पडते. कुणी ओळखणार नाही, कुणी दारात येणार नाही, आईच्या कानावर जाणार नाही. आता सगळा भार एकट्या हिरीवर येतो. म्हणून असे पेज चालवणे ही शीलाची फार कठीण परीक्षा आहे. चारचौघांत सभ्य असलेला माणूस तिथे का घसरतो, याचे कारण हेच आहे. तो मुळात वाईट असतो असे नाही. दोन पहारेकऱ्यांपैकी एकाला त्याने स्वतःच रजा दिलेली असते.

जातकात एक कथा आहे. एका आचार्यांचे पाचशे शिष्य होते आणि मुलगी लग्नाची झाली होती. शिष्यांची परीक्षा पाहण्यासाठी ते म्हणाले, 'लग्नासाठी वस्त्रे-दागिने हवेत. आपापल्या नातेवाइकांकडून चोरून आणा, पण कुणीही पाहता कामा नये. कुणी पाहिले तर ती वस्तू मी घेणार नाही.' सगळ्यांनी काही ना काही आणले. एक शिष्य मात्र रिकाम्या हातांनी आला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, 'कुणीच पाहत नाही अशी जागा मला सापडली नाही. जिथे दुसरे कुणी नव्हते, तिथेही मी होतोच.' आचार्यांनी त्यालाच जावई केले. बाकीच्यांनी आणलेल्या वस्तू परत पाठवल्या.

'तिथेही मी होतोच.' बिननावी पेज चालवणाऱ्याला सगळे जग ओळखत नसेल, पण एक माणूस त्याला ओळखतो. रात्री फोन बाजूला ठेवून डोळे मिटले की तोच माणूस शेजारी असतो. भगवंतांनी सांगितलेल्या तीन अधिपत्यांमध्ये पहिले स्वतःचे, दुसरे लोकांचे आणि तिसरे धम्माचे आहे. लोकांचे अधिपत्य चुकवता येते. स्वतःचे आणि धम्माचे चुकवता येत नाही.

तालपुटाचा प्रश्न

लोकांना हसवणे हाच ज्याचा धंदा होता, असा एक माणूस तथागतांकडे आला होता. त्याचे नाव तालपुट. तो नटांच्या मंडळाचा प्रमुख होता. त्याने विचारले, 'आमचे जुने गुरू सांगतात की, जो नट रंगमंचावर खरे-खोटे मिसळून लोकांना हसवतो, तो मेल्यावर हसणाऱ्या देवांमध्ये जन्म घेतो. आपले काय मत?' तथागत म्हणाले, 'हे विचारू नकोस.' त्याने तीनदा विचारले, तेव्हा त्यांना उत्तर द्यावे लागले. उत्तरातला स्वर्ग-नरक आपण बाजूला ठेवू. त्यांनी दिलेले कारण पाहू. लोक आधीच लोभ, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात. त्यांच्यापुढे लोभ, द्वेष, मोह वाढवणाऱ्याच गोष्टी मांडल्या, तर त्यांची बांधणी आणखी घट्ट होते. आणि मांडणारा स्वतःही बेभान होतो. तालपुट रडला. उत्तर कठोर होते म्हणून रडला नाही. इतकी वर्षे गुरूंनी आपल्याला फसवले, म्हणून रडला. पुढे तो भिक्खू झाला आणि अर्हतपदाला पोहोचला.

'खरे-खोटे मिसळून' हे शब्द लक्षात घ्या. मीमची सगळी गंमत यातच असते. फोटो खरा असतो, वरची ओळ खोटी असते. रांग खरी असते, 'हावरट' हा शब्द खोटा असतो. लोक फोटोवर विश्वास ठेवतात आणि ओळ लक्षात ठेवतात. दुसरी गोष्ट बेभान होण्याची. काल तीनशे लाईक मिळाले, आज दीडशेच मिळाले, की उद्याच्या पोस्टला थोडे जास्त तिखट घालावे लागते. रहदारीवरचा विनोद फिका पडतो. मग नाव न घेता पण ओळखू येईल असा माणूस लागतो. पेज चालवणारा लोकांना हसवतो असे त्याला वाटते. खरे तर आता तो आकडाच त्याला नाचवत असतो.

राहुलाला दिलेला उपदेश याच जागी उपयोगी पडतो. राहुल लहान होता, थट्टेत खोटे बोलत असे, अशी परंपरा सांगते. तथागतांनी भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले, ते ओतून दिले, भांडे उपडे केले आणि सांगितले की, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण असेच रिकामे असते. म्हणून थट्टेतही खोटे बोलायचे नाही. मग त्यांनी आरशाचा दाखला दिला. आरसा पाहण्यासाठी असतो. तसे प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख होईल का?

सम्राट अशोकांनी राजस्थानातील बैराटजवळच्या शिलालेखात सात धम्मपाठांची नावे कोरली आहेत. भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही ते वारंवार ऐकावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्या सातांत राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला हा उपदेश आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्याला सामान्य गृहस्थांनी थट्टेतले खोटे सोडावे हे दगडावर कोरण्याइतके महत्त्वाचे वाटले.

दब्ब मल्लपुत्त आणि आपले कार्यकर्ते

पेजवरच्या विनोदाचे दुसरे लक्ष्य म्हणजे संस्थेचे कार्यकर्ते. हॉलचे भाडे, वर्गणी, जेवणातले मीठ, स्टेजवर कोण बसले, माईक कुणी सोडला नाही, हे सगळे तिथे येते. यातले काही खरेही असते.

विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त या थेरांची हकीकत आहे. राजगृहात भिक्खूंची निवासव्यवस्था आणि भोजनव्यवस्था त्यांच्याकडे होती. ते काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले होते. काही भिक्खूंच्या वाट्याला हलक्या जागा आणि जाडेभरडे जेवण आले. ते दब्बांनीच मुद्दाम केले, असा त्यांनी ग्रह करून घेतला आणि त्यांच्यावर अत्यंत घाणेरडा खोटा आळ आणवला. तथागतांनी काय केले? संघ बोलावला. दब्बांना सर्वांसमोर विचारले. आळ आणवणाऱ्यांनाही विचारले. खोटेपणा उघड झाला, आणि निराधार आरोप करण्याविरुद्ध कडक नियम झाला. वाद मिटवण्याच्या विनयातील सात रीतींपैकी पहिलीच रीत समोरासमोर बसून निकाल करण्याची आहे. ज्याच्याविषयी बोलायचे, तो हजर असला पाहिजे.

या कथेत कार्यकारिणीलाही एक धडा आहे. प्रश्न विचारायला जागा नसली की लोक आडोसा शोधतात. हिशेब वेळेवर वाचला नाही, तक्रार करणाऱ्याला 'तू आधी काम कर, मग बोल' असे सुनावले, की त्या तक्रारीचे मीम होते. पेज चालवणाऱ्याला दोष देण्यापूर्वी आपल्या बैठकीत मोकळेपणाने किती बोलता येते, हेही पाहावे.

वर्षावास संपताना भिक्खुसंघ पवारणा करतो. प्रत्येक भिक्खू इतरांना विनंती करतो की, माझे काही चुकीचे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका असेल, तर अनुकंपेने सांगा. एका पवारणेला तथागतांनी स्वतःच संघाला विचारले की, माझ्या कायेत किंवा वाचेत तुम्हाला काही दोष दिसतो का? ज्यांच्याविषयी बोलायला कुणी धजणार नाही, त्यांनीच आधी विचारले. आश्विन पौर्णिमेला आपणही एक तास पवारणेचा ठेवू या. अध्यक्षांनी आधी विचारावे, मग खजिनदारांनी, मग भोजन समितीने. बिननावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवायची असेल तर तीही ठेवावी. चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली जाईल आणि तिला सगळ्यांसमोर उत्तर दिले जाईल.

कायदा आणि धम्म

आपण राहतो त्या संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा ३४ क्रमांकाचा कायदा अफवा आणि सायबर गुन्ह्यांसाठी आहे. २ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. ऑनलाईन अपमान करणे, परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो टाकणे, एवढेच काय, माहिती खरी असूनही इजा करण्याच्या हेतूने ती प्रसिद्ध करणे, हे सगळे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा तुरुंगवासाची आणि लाखांच्या घरातल्या दिरहमांच्या दंडाची आहे. पेजवर नाव नसले तरी फोनला नंबर असतो आणि नंबरला ओळखपत्र जोडलेले असते. घरच्यांचे पोट ज्या व्हिसावर आहे, तो एका मीमसाठी पणाला लावू नये, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

पण ही देसना इथे संपली असती तर ती पोलिसांची सूचना झाली असती. बाबासाहेबांनी सम्यक वाचेचे विवेचन करताना एक फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. सम्यक वाचा भीतीपोटी किंवा मेहेरबानीसाठी पाळायची नसते. वरचा कुणी काय म्हणेल, आपला काय फायदा-तोटा होईल, याचा तिच्याशी संबंध नाही. उद्या असा कायदा नसलेल्या देशात तुमची बदली झाली, तरी रांगेतला तो बंधू तितकाच दुखावला जाईल. आपले कारण तो आहे.

बोट आपलेही आहे

ज्यांनी कधी पेज चालवले नाही, त्यांनी सुटकेचा श्वास सोडू नये. स्वतः दुष्कृत्य करणे, दुसऱ्याला करायला लावणे आणि केलेल्याला संमती देणे, या तिन्हींची धम्म वेगवेगळी दखल घेतो. फोटो पाठवणारा करायला लावतो. लाईक करणारा संमती देतो. फॉरवर्ड करणारा तर स्वतःच करतो. त्या दिवशीचा विनोद एका माणसाने लिहिला आणि आपण शेकडो जणांनी वाहून नेला. 'मी फक्त पुढे पाठवलं' ही सबब चौथ्या शीलापुढे टिकत नाही. आपण घेतलेल्या २२ प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. अर्धे खोटे वाहून नेणेही तिच्याच कक्षेत येते.

आता पेज चालवणाऱ्या माझ्या तरुण मित्राशी दोन शब्द. तू मुलगा आहेस की मुलगी, हे मला माहीत नाही, आणि ते शोधायचेही नाही. वाचकांनाही विनंती आहे की, कुणी हा शोध घेऊ नये. संशयाने बोट दाखवणे हाही निराधार आरोपच आहे. तुझ्याकडे नेमके पाहण्याची नजर आहे, थोडक्यात सांगण्याची हातोटी आहे. ही देणगी टाकून देऊ नकोस. दुसऱ्याचा दोष दाखवायचा असेल तर भगवंतांनी पाच कसोट्या दिल्या आहेत. वेळ योग्य आहे का? गोष्ट खरी आहे का? शब्द सौम्य आहेत का? त्यातून हित होईल का? मनात मैत्री आहे का? पोस्ट टाकण्याआधी पाचही विचार. एकाचे उत्तर 'नाही' आले तर ती पोस्ट सकाळपर्यंत ठेव. सकाळीही तेच उत्तर आले तर पुसून टाक.

रहदारीवर हस, घरभाड्यावर हस, वजनकाट्यावर हस. मोठ्या गाड्यांच्या बढाईवर हस, हुंडा घेऊन वर त्रिसरण म्हणणाऱ्यावर हस, जात विचारण्यासाठी 'मूळ गाव कुठलं' असे गोडीने विचारणाऱ्यावर तर पोट धरून हस. त्या हसण्यात आम्ही तुझ्यासोबत आहोत. पण ओळखू येईल असा फोटो विचारल्याशिवाय टाकू नकोस, आणि तुझ्यापेक्षा कमी पगार असलेल्या माणसावर कधीही विनोद करू नकोस. जे टाकून झाले आहे आणि ज्याने कुणी दुखावले आहे, ते काढ. ज्या पेजवर हसू झाले, त्याच पेजवर साध्या शब्दांत क्षमा माग. नाव न सांगताही ते करता येते. एक दिवस नाव सांगण्याचे धैर्य आले, तर आमच्यातले कुणीही तुझ्यावर हसणार नाही, ही आमची जबाबदारी.

आणि आपल्या सर्वांसाठी या महिन्याचा एक संकल्प. येत्या पौर्णिमेच्या उपोसथाला एक दिवस, सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत, कोणत्याही माणसावरचा विनोद पुढे पाठवायचा नाही. बोट बटणाकडे जाईल तेव्हा ते कितीदा गेले, एवढे मोजायचे. तो आकडा कुणाला सांगायचा नाही. तो फक्त आपल्या हिरीसाठी आहे.

शेवटी रांगेतल्या त्या बंधूविषयी. त्याच्यासाठी सभेत ठराव करण्याची गरज नाही. पुढच्या वंदनेच्या आदल्या दिवशी आपल्यापैकी कुणीतरी त्याला फोन करावा, 'दादा, गाडी घेऊन येतो, बरोबरच जाऊ' असे म्हणावे, आणि जेवणाच्या वेळी त्याच्या शेजारी बसून दुसऱ्यांदा भाजी वाढून घ्यावी. दोघांनीही.

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!